सान रोकेची अर्धी नावं

कुया गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये म्यूटवर होते. स्क्रीनवर कुणीतरी हिरवे-पिवळे चौकोन दाखवत होतं आणि मी मान डोलवत होते. फोनवर आते लुझचं नाव दिसलं. मला वाटलं, आज डायलिसिसला किती वाजता निघायचं, ते विचारत असतील. उचलला. त्या म्हणाल्या, "तो गेला. आज गाडी काढू नकोस." एवढंच. मी कॅमेरा बंद केला, पण मीटिंग सोडली नाही. आणखी वीस मिनिटं ते चौकोन बघत बसले. का, ते अजून सांगता येत नाही... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

कुया म्हणजे फिलिपीन्समधलं 'दादा', आणि मोठ्या बहिणीला ते लोक म्हणतात 'आते'. त्यांचं नाव नेस्तोर, बायकोचं लुझ. आम्ही पुण्याहून मेलबर्नला आलो आणि वेरिबीत घर घेतलं, तेव्हा किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी शेजारचं हे जोडपं भाताचं गरम पातेलं घेऊन दारात उभं राहिलं. भातावाचून कुणाचं अडू नये, असं दोघांचं ठाम मत होतं. पुढे माझी मुलगी इरा शाळेत जायला लागली, तर शाळेसमोर 'थांबा' लिहिलेली पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून देणारे गृहस्थ म्हणजे आमचे कुयाच. मूळचे ते इतिहासाचे मास्तर, गावच्या हायस्कुलात उभी हयात घालवलेली. इथे त्यांच्या इतिहासाला कोण विचारतंय? पण त्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. उलट म्हणायचे, तिथे मुलं माझं ऐकायची नाहीत, इथे गाड्यासुद्धा ऐकतात.

त्यांच्या गावाचं नाव सान रोके. स्पॅनिश राजवटीच्या शेवटच्या शतकात वसलेलं. खरं तर 'वसलेलं' हा शब्द ते मला वापरू द्यायचे नाहीत. गाव वसलं नाही, गोळा केलं गेलं, असं म्हणायचे. आधी लोक नदीच्या वळणावळणाला राहायचे, इथे पाच घरं, तिथे दहा. मग एक पाद्री आला, त्याच्यामागे शिपाई आले, आणि हुकूम निघाला की सगळ्यांनी चर्चची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरात राहायचं. गंमत म्हणजे तेव्हा चर्च नव्हतंच. आधी घंटा आली, ती झाडाला टांगली, तिच्याभोवती चौक आखला, सरळ गल्ल्या पाडल्या, चर्च नंतर झालं. जे तिथे यायला तयार नव्हते त्यांच्या झोपड्या जाळल्या. आणि ज्यांची घरं जाळली, त्यांचीच नावं पाद्र्याने गावचे पहिले रहिवासी म्हणून एका वहीत सुबक अक्षरात लिहून ठेवली.

कुयांचा सगळा जीव त्या वहीत होता. तिच्यातली नावं त्या लोकांच्या स्वतःच्या भाषेतली होती, आईबापांनी ठेवलेली. काही वर्षांनी सरकारी फर्मान सुटलं आणि लोकांना एका यादीतून स्पॅनिश आडनावं देण्यात आली. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं. त्यांच्याकडे अख्ख्या गावाला आडनावं वाटली, रेशनसारखी. जुनी नावं दोन पिढ्यांत लोक विसरले. पण तेव्हाच्या कुणा एका नेटक्या पाद्र्याने वहीच्या समासात प्रत्येक घरापुढे त्याचं नवं आडनाव टिपून ठेवलं होतं. म्हणजे आज सान रोकेतल्या माणसाला आपण आधी कोण होतो हे कळायचं असेल, तर जगात तेवढी एकच जागा होती, चर्चच्या कपाटातली ती वही. कुयांना गावाचा इतिहास लिहायचा होता आणि शेवटी ती सगळी यादी छापून गावच्या शाळेला द्यायची होती. आणि त्या यादीत त्यांना स्वतःच्या घराण्याचं नाव बघायचं होतं. हे ते उघड बोलायचे नाहीत, पण मला माहीत होतं.

ते शेवटचे गावी गेले तेव्हा त्यांना वही बघायला एक सकाळ मिळाली. चर्चचा रखवालदार किल्ल्या वाजवत डोक्यावर उभा. वाचत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्या पानांचे फोटो काढले आणि परत आल्यावर, फोन भरला म्हणून, तो माझ्याकडे घेऊन आले. आता माझी नोकरी काय, ते सांगायला हवं. जुन्या सिस्टीममधली माहिती नव्या सिस्टीममध्ये हलवायची आणि हलवण्याआधी दुबार नोंदी काढून टाकायच्या. बारा वर्षं मी हेच करते आहे आणि त्यात मला फार हुशार समजतात. फोटो उघडले तर प्रत्येक पानाचे दोन-दोन. म्हातारी माणसं बटण दोनदा दाबतात, असं मनात म्हटलं आणि हसले. प्रोग्राम लावला, प्रत्येक पानाचा एकेक फोटो ठेवला, बाकीचे उडवले, कचरापेटीही रिकामी केली, राहिलेले त्यांच्या लॅपटॉपवर चढवले. जुना फोन दुकानात देऊन त्यांना नवा घेऊन दिला. अर्धी जागा मोकळी केली म्हणून वर शेखीही मिरवली. कुया खूश झाले. संध्याकाळी आते लुझनी केळ्याची गोड भजी पाठवली. मी ती मिटक्या मारत खाल्ली.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझं मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम असायचं, त्या दिवशी मी त्यांना न्यायची. त्या खुर्चीत चार-साडेचार तास अडकून पडायचं. एक हात मशीनला बांधलेला, म्हणून ते सांगायचे आणि मी टाइप करायची. मास्तर कडक. एकदा गावातल्या उत्सव समितीचं पत्र आलं, की गावाचा जन्म तीस वर्षं मागे नेऊन लिहा, म्हणजे आपला स्थापनेचा मोठा उत्सव शेजारच्या गावाआधी होईल. त्या समितीत त्यांचे बालमित्र होते. कुयांनी साफ नाही म्हणून कळवलं आणि ती मैत्री कायमची तुटली. मी म्हटलं, तीस वर्षांनी काय बिघडतं, कोण मोजायला येणार आहे? त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, की गावाकडे त्यांच्या वर्गातल्या मुलांची काय गत होत असेल ते मला कळलं. कागदात असेल तेवढंच लिहायचं. नसेल तिथे 'माहीत नाही' लिहायचं. हा त्यांचा धर्म होता.

सगळा इतिहास लिहून झाला आणि शेवटी यादीची पाळी आली. तो गुरुवार होता. मी लॅपटॉप त्यांच्या पोटावरच्या उशीवर ठेवला, पहिलं पान उघडलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, पुढचं पान बघितलं, परत मागे आले.

"दुसरा कुठंय?"

"ते डुप्लिकेट होते, कुया. सेम फोटो होते."

"सेम नव्हते."

मग त्यांनी समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं, हळूहळू. वहीतली शाई उडाली होती. पण लिहिताना टाकाचा ओरखडा कागदावर उमटला होता, तो शिल्लक होता. बॅटरी डावीकडून आडवी मारली की काही अक्षरं वर उठायची, उजवीकडून मारली की उरलेली. म्हणून प्रत्येक पानाचे दोन फोटो. दोन्ही शेजारी ठेवले तरच नाव पुरं व्हायचं... मशीनचा आवाज तेवढा येत होता. मी सॉरी म्हटलं की नाही, मला खरंच आठवत नाही. त्यांनी नर्सला बोलावून अंगावर घ्यायला आणखी एक पांघरूण मागितलं आणि डोळे मिटले. घरी पोचल्यावर आते लुझनी विचारलं, यादी कुठवर आली? मी तोंड उघडायच्या आत कुया म्हणाले, चाललंय. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं पुढे अकरा महिने टिकलं.

त्या अकरा महिन्यांत मी काय काय केलं ते सांगून आता उपयोग नाही. पुसलेले फोटो परत मिळवून देणाऱ्या तीन ठिकाणी गेले. जुना फोन दुकानाने कधीच पुढे पाठवला होता. फोटोंची ऑनलाइन प्रत राहिली असती, पण जागा वाचावी म्हणून ती सोयही मीच बंद करून ठेवली होती. शेवटची आशा वहीची. कुयांच्या धाकट्या भावाला गावी फोन लावला, म्हटलं चर्चमध्ये जा, परत फोटो काढ, कसे काढायचे ते मी सांगते. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आदल्या वर्षीच्या वादळात चर्चमध्ये कमरेएवढं पाणी होतं. वही कुणीतरी उन्हात वाळवली होती, तिची वीट झाली होती. पान उलटायला गेलं की तुकडा पडायचा. मी त्याला तुकडे जपून ठेव म्हटलं. तो बिचारा हो म्हणाला. माझा नवरा मंदार म्हणाला, "अगं, तू काय मुद्दाम केलंस का? तू हेल्पच करत होतीस ना." बरोबर आहे. पण न विचारता केलेल्या मदतीला आपल्याकडे काय म्हणतात? नसता शहाणपणा. माझ्या आईने मला हजारदा ऐकवलेला शब्द, आणि तो असा एका गावावर जाऊन पडला.

कुयांनी काम सोडलं नाही. मंगळवार, गुरुवार, तेच. उरलेल्या फोटोंवरून जेवढं निघेल तेवढं काढायचं. स्क्रीन तिरकी कर, उजेड वाढव, कमी कर. कुठे नावाचं पहिलं अक्षर लागायचं, कुठे नुसतं शेपूट. मला ते काही बोलले नाहीत. त्यांनी मला झापलं असतं तर मी सुटले असते, असं तेव्हा वाटायचं. शेवटच्या गुरुवारी त्यांच्या घराण्याचं पान आलं. समासात त्यांचं आडनाव स्पष्ट होतं. त्याच्यासमोर मूळ नावाचं 'ला' लागलं, पुढे कोरा कागद. कुयांनी मोकळ्या हाताचं बोट स्क्रीनवर त्या जागेवर ठेवलं.

"इथे ओरखडा होता. त्या दिवशी मला दिसला होता. वाचायला थांबलो नाही... वाटलं, घरी जाऊन निवांत वाचू."

मला राहवलं नाही. म्हटलं, 'ला'वरून सुरू होणारी तुमच्याकडची जुनी नावं असतीलच ना चार-पाच, त्यातलं एखादं अंदाजाने घालू या, खाली तशी टीप देऊ. ते म्हणाले, "रिकामं ठेव." मी ठेवलं. पुढच्या मंगळवारी, मी त्यांना न्यायला जायच्या आधीच, ते सकाळी गेले. अंत्यविधीहून परतताना गाडीत मी रडत होते, तर मागून इरा म्हणाली, "बट यू ऑल्वेज हेल्प्ड हिम, आई."

त्यांच्याकडे चाळिसाव्या दिवशी प्रार्थना असते, मग सगळ्यांना जेवण. त्याच्या आदल्या आठवड्यात आते लुझनी मला पेन ड्राइव्ह दिला. म्हणाल्या, पुस्तक नीट लावून प्रिंट कर, चाळिसाव्याला सगळ्यांना दाखवू आणि मग गावच्या शाळेला पाठवू. सगळा मजकूर माझ्याच हाताने टाइप केलेला, मला काय नवीन असणार, म्हणून उघडला. यादीच्या आधी एक पान होतं, मी न लिहिलेलं. त्यांनी घरी एका बोटाने टाइप केलेलं असणार, मध्येमध्ये जास्तीच्या स्पेस होत्या. लिहिलं होतं: या यादीतली पुष्कळ नावं अर्धी आहेत. वहीच्या त्या पानांना वाळवी लागलेली होती. जे वाचता आलं ते माझ्या शेजारणीच्या मदतीमुळे, एरवी हे पुस्तक झालंच नसतं.

तीस वर्षांच्या फरकासाठी बालमित्र तोडणाऱ्या माणसाने हे लिहिलं होतं. अख्ख्या पुस्तकात एक वाक्य खोटं, आणि ते माझ्यासाठी... मी चार दिवस ती फाइल उघडायची आणि मिटायची. ते वाक्य ठेवणं म्हणजे अकरा महिन्यांचं गप्प राहणं छापून घेणं. काढणं म्हणजे त्यांनी लिहिलेलं पुसणं.

चाळिसाव्या दिवशी लोक यायच्या आधी मी गेले. आते लुझ स्वयंपाकघरात मोठ्या ताटात शेवया काढत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, बटण दाबण्यापासून वाळवीपर्यंत, उभ्या उभ्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुयांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्यांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "आमचं नावपण त्यातच गेलं?"

"हो."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, आणि घ्यावं असं मला वाटलंही नाही. ताट झाकलं. हात धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याचं वाक्य काढू नकोस. आता परत काही काढू नकोस. त्याच्याखाली तू तुझं लिही."

त्या दिवशी पुस्तक दाखवलं नाही. प्रार्थना झाली, जेवणं झाली, मलाही सगळ्यांसारखं वाढलं. सोमवारी मी ती फाइल उघडली आणि कुयांच्या वाक्याखाली एक ओळ टाइप केली, खाली माझं पूर्ण नाव घातलं, आणि प्रिंट गावच्या शाळेला पाठवली. आता सान रोकेतल्या कुणाही पोराने आपलं जुनं नाव शोधायला ते पान उघडलं, तर त्याला वाचता येईल: 'वाळवी लागली नव्हती. ही नावं मी पुसली.'