कोरडा कूलर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, भाडेकरू पारखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. कॉलनीच्या बैठकीत मी त्यावर भाषणही ठोकतो — आता बोला!

पिपरी मेघेत खाली आम्ही, वर भाड्याच्या दोन खोल्या. एकीत साधनाबाई — दवाखान्यात नर्स, नवरा वारलेला, दहावीत गेलेली मुलगी. दुसरी रिकामी झाली तेव्हा दोन तरुण आले. मी मुलाखत घेतली. मटण शिजवता का? "नाई काका, अंडंबी नाई." दारू? "राम राम काका, नाव काऊन घेता!" वर पाया पडले. झालं — मी विरघळलो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण अंडंही न खाणाऱ्याची चौकशी कसली करायची?

मग जिन्यावर अनोळखी पोरं दिसू लागली. गाडी सुरूच ठेवून वर जायची, लगेच खाली. मी बायकोला म्हणालो, शिकवणी घेत असतील.

मे महिना, वर्ध्याचं ऊन — आणि त्यांचा कूलर बंद. मोटर जळली असेल, म्हणून दुपारी मी गच्चीतून त्याची जाळी काढली. आत थेंबभर पाणी नाही. वाळ्याच्या मागे प्लास्टिकच्या पुड्या, ओळीनं चिकटवलेल्या. मागून आवाज आला, अगदी गोड —

"काका, कूलर आमी पाहून घेऊ. तुमी काऊन तकलीफ घेऊन राह्यले?"

मी जाळी परत बसवली. स्क्रूसुद्धा पिळले. घाबरलेला माणूस किती टापटिपीनं वागतो! 

साधनाबाईंनाही गांजाचा वास आला होता. "काका, पोलिसांले सांगा. माही पोरगी याच जिन्यानं येते-जाते. तुमाले जमत नसन तं मी जाते." मी म्हणालो, बघतो.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांतल्या मोठ्यानं मला फाटकाशी गाठलं. खांद्यावर हात ठेवला. "काका, कोनी काई बोलून राह्यलं का आमच्याबद्दल?"

नाही — एवढंच म्हणायचं होतं. तो पोलिसांबद्दल विचारतही नव्हता. पण माझं तोंड — तोंड काही केल्या थांबेना. मी म्हणालो, "मी नाई बा. साधनाबाई म्हणत होत्या, पोलिसांत जाते म्हणून."

मी सांगितलं. मीच.

त्या संध्याकाळी मुलगी क्लासहून आली तेव्हा दोघं जिन्यात बसले होते. हात लावला नाही. तिच्या क्लासचा रस्ता, आईच्या ड्युटीच्या वेळा, एवढंच तिला हळू आवाजात म्हणून दाखवलं. मी खिडकीच्या पडद्याआड होतो. बाहेर गेलो नाही.

पुढे ते दोघं सेलूकडे पकडले गेले. पण त्याआधीच साधनाबाईंनी नोकरी सोडली, आणि टेम्पोत सामान भरून भावाकडे पुलगावला निघाल्या. जाताना त्या मुलीवर चिडल्या होत्या — "तूच कुठं बोलली असशीन मैत्रिणीपाशी. नाई तं त्याईले कसं कळलं?" मुलगी रडत, मान हलवत, नाई म्हणत होती. मी शेजारीच उभा राहून टेम्पोची दोरी आवळत होतो.