वाहत्या कानांचा अभ्यास

बी.एस्सी. होऊन मी गावात परत आले आणि चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले, त्याच उन्हाळ्यात मॅडम आमच्याकडे आल्या. नांदेडला कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या, तिथंच शिकवायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. आमच्या डोंगरकडा गावाच्या आसपास लहान मुलांच्या कानांवर त्यांना अभ्यास करायचा होता आणि घरोघरी जाऊन आयांशी बोलणारी एक मुलगी हवी होती. सरपंचांनी माझं नाव सुचवलं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला माझ्या मार्कांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते हे, "तुमच्याकडे मुलाचा कान वाहायला लागला की काय म्हणतात?"

मी म्हटलं, "कान फुटला म्हणतात."

"आणि मग काय करतात?"

"कापसाचा बोळा घालतात. मोठा झाला की आपोआप बंद होतो म्हणतात."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काहींचा होतोही. कुणाचा होतो, कुणाचा होत नाही आणि आपण काय केलं तर जास्त मुलांचा होईल, एवढंच शोधायचंय."

आमच्या शाळेत एका वर्गात दोन-तीन तरी मुलं कानात बोळा घालून बसलेली असायची. त्यांच्याजवळ वास यायचा, म्हणून बाकीची सरकून बसायची. मास्तर बोलले ते ऐकू आलं नाही की ती मुलं शेजारच्याच्या पाटीत बघायची आणि मार खायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं होतं, पण त्याला आजार म्हणतात आणि त्यावर अभ्यास करतात, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मॅडमनी मला पहिल्यांदा कान दाखवला तो शाळेच्या व्हरांड्यात. पेनासारखी एक नळी होती, तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती मोबाइलला जोडून त्यांनी एका चांगल्या कानात घातली. पडद्यावर राखाडी, मोत्यासारखी चमकणारी गोल चकती दिसली. "हा कानाचा पडदा. याच्या मागं छोटीशी खोली आहे, मधला कान. सर्दी झाली की नाकाच्या मागच्या नळीतून जंतू तिथं जातात, पू होतो. पू साठला की पडदा ताणतो आणि फाटतो. मग कान वाहतो." मग दुसऱ्या मुलाचा कान. तिथं पडद्याला मधोमध भोक होतं, कडेला ओल होती. मला वाटलं, एवढ्याशा भोकाच्या पायी लेकरं वर्षानुवर्षं मार खात आली.

अभ्यास साधा होता. कान वाहणाऱ्या सगळ्या मुलांना औषधाचे थेंब मिळणार होते. पण अर्ध्या मुलांच्या घरी मी रोज जायचं, टिश्यू कागदाची वात वळून कानातला पू टिपून घ्यायचा, कान कोरडा करायचा आणि मग थेंब घालायचे. बाकीच्यांच्या आयांना थेंब कसे घालायचे ते एकदा नीट शिकवायचं आणि बाटली द्यायची. कोण कुठल्या गटात जाणार, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. पाकीट आधी कुणी उघडायचं नाही, मॅडमनीसुद्धा नाही.

माझ्या ताईची मुलगी सहा वर्षांची होती. ताई आमच्याच गावात दिली होती, बौद्धवाड्यातच आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. दाजी केळीच्या बागांत घड कापायच्या कामाला जायचे. भाचीचा डावा कान कितीतरी दिवसांपासून वाहत होता. ताईनं आनंदानं तिला अभ्यासात घातलं. पाकीट उघडलं तर चिठ्ठीत निघालं, फक्त थेंब.

त्याच संध्याकाळी ताई मला म्हणाली, "तू गावभर लोकांच्या लेकरांचे कान पुसून राहिली आन् तुह्या भाचीचा पुसणार न्हाई? काहून?"

"चिठ्ठीत तसं आलंय."

"चिठ्ठी काय देवानं लिहिली व्हय? दुसरं पाकीट उघड."

मला तिचं पटत होतं. मी दुसऱ्या दिवशी मॅडमना सरळ विचारलं. त्या एका मुलीचा कान बघून हात धूत होत्या. हात पुसून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"पुसल्यानं जास्त फायदा होतो हे मला माहीत असतं," त्या म्हणाल्या, "तर मी सगळ्यांचेच पुसले असते. मला वाटतं की होतो. पण वाटणं आणि माहीत असणं यांत फरक आहे. चिठ्ठ्या आपण आपल्या मर्जीनं बदलायला लागलो, तर शेवटी जे निघेल ते आपल्या मर्जीचंच निघेल." मग म्हणाल्या, "पण ती आधी तुझी भाची आहे. तुला किंवा तुझ्या बहिणीला वाटत असेल तर तिला उघडपणे अभ्यासातून काढा आणि रोज पुसा. औषध तिला मिळतच राहील, मी बघत राहीन, कुणी रागावणार नाही. फक्त अभ्यासात ठेवून गुपचूप पुसू नका."

हे मी ताईला आणि दाजींना जसंच्या तसं सांगितलं. दाजी म्हणाले, "बाई खरं बोलून राहिली. राहू दे पोरीला. थेंब तर भेटूनच राहिलेत." ताईनंही मान डोलावली.

थेंबांनी भाचीचा कान कमी वाहू लागला. ताई खूश होती. मीही रोज सायकलवरून गल्ल्या पालथ्या घालत होते. वाती वळून वळून बोटांना इतकी सवय झाली होती की बोलता बोलता हात आपोआप चालायचे. मुलंही मला ओळखायला लागली होती. मी दिसले की डोकं एका बाजूला वाकवून बसायची. पू टिपल्यावर एखादं पोरगं एकदम म्हणायचं, "मावशी, आता आवाज मोठा झाला," आणि मला दिवसभर पुरेल एवढा आनंद व्हायचा.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. ती रडत होती. "हिला रातभर ताप होता गं. डोकं धरून बसली. आन् हिचा कान पुढं आलाय."

मी धावत गेले. भाचीचा डावा कान खरंच पुढं ढकलल्यासारखा दिसत होता आणि कानामागं लाल, ताणलेली सूज होती. हात लावला तर पोरगी किंचाळली. मी मॅडमना फोन लावला. त्या कळमनुरीला दुसऱ्या गावच्या मुलांना बघायला निघाल्या होत्या. मी वर्णन पुरं करायच्या आत त्या म्हणाल्या, "मी तिकडंच येते. तिला काही खायला देऊ नका, कपडे भरून ठेवा." त्या आल्या, कान बघितला आणि दाजींना म्हणाल्या, "ऑपरेशन लागेल. आत्ता निघू." त्यांच्याच गाडीतून आम्ही अर्धापूरमार्गे नांदेडला गेलो. ताई मागं पोरीला मांडीवर घेऊन, मी बाजूला, दाजी पुढं. मॅडम गाडी चालवता चालवता फोनवर कुणाला तरी सलाइनची, स्कॅनची, भूल देणाऱ्या डॉक्टरांची तयारी सांगत होत्या. आवाज एकसारखा, घाई असूनही चढलेला नाही.

दुपारनंतर ऑपरेशन झालं. त्यांच्या वरिष्ठांनी केलं, मॅडम शेजारी उभ्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा टोपीची खूण कपाळावर उमटलेली होती. दाजी उभे राहिले.

"मुलगी धोक्याबाहेर आहे," मॅडम म्हणाल्या. मग व्हरांड्यातल्या बाकावर आमच्यात येऊन बसल्या आणि सगळं सांगितलं. भाचीचा कान साधा वाहता कान नव्हता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कातडी आत वाढून तिची गाठ झाली होती. अशी गाठ हळूहळू आजूबाजूचं हाड खात जाते आणि मग पू कानामागं किंवा मेंदूकडंही जाऊ शकतो. "पहिल्या दिवशी कानात पू होता. मी पुसून बघितलं, पण तो कोपरा मला पुरता दिसला नव्हता. तो दिसेपर्यंत मी बघायला हवं होतं. चूक माझी आहे."

दाजींचा चेहरा लाल झाला. "मंग रोज पुसलं असतं तर हे झालं नसतं ना?"

मला वाटलं, आता त्या काहीतरी समजावून सांगतील, डॉक्टरी शब्द वापरतील. त्या म्हणाल्या, "पुसण्यानं ही गाठ गेली नसती. पण रोज कुणीतरी कान बघायला आलं असतं, तर कदाचित आधी लक्षात आलं असतं. तसं झालं नसतं, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

दाजी तोंड फिरवून व्हरांड्याच्या टोकाला गेले. मॅडम तिथंच बसून राहिल्या. ताईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या आठवड्यात भाची दवाखान्यात होती तोवर मॅडम रोज सकाळी पट्टी स्वतः बदलायला येत. दाजी त्यांच्याशी बोलत नसत. त्या मात्र दाजींनाच आधी सांगत, आज सूज किती उतरली, ताप आला की नाही.

गावात कुजबुज सुरू झाली. अभ्यास म्हणजे आपल्या लेकरांवर प्रयोग, असं लोक म्हणू लागले. दोन घरांनी मुलं काढून घेतली. मॅडमनी कुणाला अडवलं नाही. त्यांनी अभ्यासात नवीन मुलं घेणं थांबवलं, झालेली गोष्ट त्यांच्या कॉलेजात अशा अभ्यासांवर नजर ठेवणाऱ्या समितीला लिहून कळवली आणि मला म्हणाल्या, "आता एकेक कान पुन्हा बघायचा. प्रत्येक कोपरा."

ते काम मी कधी विसरणार नाही. शाळेला सुट्टी होती. पत्र्याच्या खोलीत पंखा गरम हवा ढकलत होता. मॅडमनी पू ओढून घ्यायचं छोटं मशीन आणलं होतं. लहान मुलं उंच खुर्चीत घाबरायची, म्हणून मूल आईच्या मांडीवर जमिनीवर आणि मॅडम समोर गुडघ्यांवर. कान पूर्ण स्वच्छ होईपर्यंत, पडद्याची वरची कड दिसेपर्यंत त्या उठायच्या नाहीत. एखादं रडायला लागलं की थांबायच्या, त्याला मोबाइलवर स्वतःचा कान दाखवायच्या, पुन्हा सुरुवात करायच्या. ज्यांनी नाव काढून घेतलं होतं, त्यांच्या घरीही आम्ही गेलो. "अभ्यासात नका येऊ, पण कान बघू द्या," एवढंच त्या म्हणायच्या. त्या दोनांतल्या एका घरी, दार उघडायला तयार नसलेल्या बाईच्या मुलाच्या कानात तशीच गाठ सापडली. अगदी सुरुवातीची. त्याचं ऑपरेशन वेळेत झालं आणि त्याला काहीही तकलीफ झाली नाही. त्या बाईनंच मग इतर बायांना शाळेत आणलं.

समितीची परवानगी मिळाल्यावर अभ्यास पुढं चालला. आता नियम बदलला होता. कुठल्याही गटातलं मूल असो, वरचा कोपरा दिसल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही आणि थेंबवाल्या घरांनाही मी मधूनमधून जाऊन फक्त विचारपूस करायची, कानामागं हात लावून बघायचा.

वर्ष उलटल्यावर मॅडमनी सगळ्या आई-बापांना शाळेत बोलावलं. अभ्यासातून काय निघालं, ते डॉक्टरांच्या मासिकात छापून यायच्या आधी त्यांना आम्हाला सांगायचं होतं. फळ्यावर त्यांनी दोन कान काढले. म्हणाल्या, "ज्यांचे कान रोज पुसले, ते आधी कोरडे झाले. मला वाटलं होतं की फरक खूप मोठा निघेल. तसा निघाला नाही. थेंबवाली मुलं उशिरा का होईना, बरीचशी त्यांच्या बरोबरीला आली. आणि जी कालव्यात पोहायला गेली, त्यांतल्या बऱ्याच जणांचे कान दोन्ही गटांत पुन्हा वाहिले."

मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, "म्हंजे बाई, येवढं करून तुमचं म्हननं खरं निघालं न्हाई?"

"अर्धं निघालं, बाबा," मॅडम म्हणाल्या. बायका हसल्या, त्याही हसल्या.

मग दाजी उठले. वर्षभर ते मॅडमशी एक शब्द बोलले नव्हते. भाची त्यांच्या शेजारी बसली होती. डाव्या कानानं तिला थोडं कमी ऐकू येतं, पण ती शाळेत पुढच्या बाकावर बसते आणि कविता म्हणण्यात पहिली असते.

"तुमी जे छापणार," दाजी म्हणाले, "त्यात माह्या पोरीचं हाय का?"

मी मॅडमकडं बघत होते.

"नाव कुणाचंच नाही," त्या म्हणाल्या. "पण ती आहे. तिचा आजार आम्हाला पहिल्या दिवशी दिसला नाही आणि तिचं ऑपरेशन करावं लागलं, असं त्यात सरळ लिहिलंय. ते काढलं असतं तर बाकीचं सगळं छान दिसलं असतं. पण मग दुसऱ्या कुठल्या गावात दुसरा डॉक्टर हाच अभ्यास करेल, तेव्हा तो वरचा कोपरा बघणार नाही."

"बराबर हाय," दाजी म्हणाले आणि खाली बसले. नंतर सगळे बाहेर पडताना ते फळ्यापाशी गेले आणि मॅडमना म्हणाले, "घरी चला. पोरीच्या मायनं भाकरी टाकल्यात."

मॅडम गेल्या. चुलीजवळ बसून जेवल्या आणि भाचीनं त्यांना अख्खी कविता म्हणून दाखवली.