अर्धवट प्रबंधापाशी बसून राहिलेले गुरुजी

गुरुवर्य श्री. वासुदेवराव हत्तुरकर यांना मी प्रथम पाहिले ते सोलापूरच्या हायस्कुलात. मी अक्कलकोटहून नुकताच शिकायला आलो होतो. गुरुजींनी गृहपाठाविषयी विचारले आणि मी उभा राहून म्हणालो, "मी केलो की, गुरुजी." सारा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी माझे 'मी केलो' फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "याच्या गावी घरोघर असेच बोलतात. शेजारी कानडी आहे, तिचे वळण मराठीला लागले आहे. परीक्षेत 'मी केला' असे लिही, पण लाजू नकोस. हे कसे घडले ते कुणीतरी नीट शोधायला हवे."

पुढे त्यांच्याच शाळेत शिक्षक झाल्यावर ते काम आपणच करावे असे मी ठरवले. सीमेवरच्या मराठी बोलीवर प्रबंध लिहून डॉक्टरेटसाठी विश्वविद्यालयाकडे पाठवायचा. माझी पत्नी सुशीला सुट्टीत माझ्याबरोबर गावोगाव हिंडे. बायका माझ्याशी बोलायला संकोचत, तिच्याशी मात्र मोकळेपणाने बोलत. मी लिहिलेली प्रकरणे सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्याचे कामही तिचेच. तिसरे प्रकरण निम्मे झाले असताना ती विषमज्वराने गेली.

कागद तसेच पडले. टिपणांच्या चिठ्ठ्या कोणत्या गावच्या, कोणत्या प्रकरणाच्या, काही उमजेना. उमजून घ्यावेसेही वाटेना. उन्हाळ्याची सुट्टी आली आणि गेली. एके दिवशी गुरुजी घरी आले. मी म्हणालो, "गुरुजी, आता हे पुरे करून काय होणार?"

मला वाटले, ते धीर देतील.

"काही होणार नाही," ते म्हणाले. "सुशीला परत येणार नाही. तरी उद्या सकाळी कागद घेऊन माझ्याकडे ये. इथे एकटा बसू नकोस."

गुरुजींच्या घरीही सुख नव्हते. त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, फार वर्षांपूर्वी अर्धांगवायू होऊन वाचा गेली होती. गुरुजी त्यांना उठवून, तोंड धुऊन, पेज भरवून मग माझ्यासमोर येऊन बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या सतरंजीवर ओतायला लावल्या. गावांप्रमाणे लावलेले ढीग मोडून क्रियापदांच्या एकीकडे, विभक्तींच्या दुसरीकडे, असे नवे ढीग केले. हाती असलेल्या प्रकरणाचा ढीग तेवढा बाहेर ठेवला आणि बाकीचे पेटीत बंद केले. "पेटीकडे बघायचेच नाही," ते म्हणाले. "अख्खा प्रबंध कुणालाच लिहिता येत नाही. आज एक परिच्छेद." तो एक परिच्छेदही होत नसे, असे कितीतरी दिवस गेले. अशा दिवशी गुरुजी रागावत नसत, समजूतही घालत नसत. शाळेची वेळ होईपर्यंत आपले पुस्तक उघडून समोर बसून राहत.

एकदा मीच चिडून विचारले, "तुम्ही स्वतः का नाही लिहिला प्रबंध?"

त्यांनी फडताळातून एक गाठोडे काढले. तरुणपणी याच बोलीची टिपणे त्यांनीही जमवली होती. "तुझ्या काकूंचे दुखणे आले आणि मी थांबलो. मग विषय शिळा वाटू लागला. पुढे मीच शिळा झालो. हे तू वापर."

मी नको म्हणालो.

"माझ्याने आता होणार नाही रे," गुरुजी म्हणाले. इतके हताश होऊन बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकले नव्हते.

त्यांच्या टिपणांतली काही शब्दरूपे ताडून पाहण्यासाठी पुन्हा वळसंगला जाणे भाग होते. सुशीलेबरोबर पाहिलेले ते गाव. माझे पाय तिकडे वळेनात. काकूंपाशी शेजारणीला बसवून गुरुजी बरोबर आले. तिथल्या धनगर वस्तीवरच्या बनाबाईंनी मला लगेच ओळखले. "लई दिसानं आला की! बाई कुटं हायती?"

ती गेल्याचे गुरुजींनीच सांगितले. बनाबाई बराच वेळ जवळच्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मग आता लिवायचं कशापायी?" त्यांनी विचारले.

मी गुरुजींकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. "ठावं न्हाय, बाई," ते त्यांच्याच बोलीत म्हणाले. "लिवतोय झालं."

"बरं," बनाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "मी बोलते, तुमी लिवा."

आम्ही लिहून घेतले.

शेवटचे प्रकरण मी उतरवीत असतानाच काकू वारल्या. दिवसकार्य आटोपल्यावर मी नुसता भेटायला म्हणून गेलो, तर गुरुजींनी विचारले, "कागद कुठे आहेत?" मी आणले नव्हते. "घेऊन ये. या घरात कुणाचा तरी आवाज हवा आहे मला." त्या दिवशी मी प्रबंध वाचून दाखवला. ते चुका सांगत होते, मी दुरुस्त करीत होतो, आणि मध्येच दोघांनाही थांबावे लागत होते.

पदवी मिळाल्याचे कळताच मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. पुडा आत नेऊन ठेवायला कोणी नव्हते. त्यांच्या घरी नव्हते, माझ्याही नव्हते. "चांगले झाले," गुरुजी म्हणाले. मग पुडा पुन्हा बांधून त्यांनी माझ्या हाती दिला. "शाळेत वाट."

त्या पदवीने माझे आयुष्य उजळले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पण त्या दिवसांत सकाळी अंथरुणातून उठायला मला एकच कारण होते, गुरुजी वाट पाहत असतील. हे त्यांच्या या गौरवग्रंथात नोंदले जावे.

गुरुजी आता साठी पूर्ण करीत आहेत. या लेखानिमित्त भेटलो तेव्हा ते म्हणाले, "मी तृप्त आहे, समाधानी आहे, असले काही लिहू नकोस. आणि माझ्यासाठी शंभर वर्षे मागू नकोस. काय करू इतक्या वर्षांचे?"

त्यांची आज्ञा मी मोडत नाही. वर्षांचा आकडा मी मागत नाही. त्यांची दृष्टी शाबूत राहो, गुडघे त्यांना न दुखता बाजारापर्यंत नेवोत, आणि ते आमच्यात आहेत तोवर त्यांच्या उंबऱ्याशी रोज दुसऱ्या कुणाच्या तरी वहाणा असोत, एवढेच परमेश्वरापाशी मागतो.