दोन सोमजाई

विनू भावोजींचा आवाज त्यांच्याआधी गेला.

घशाचं ऑपरेशन झालं. माणूस घरी आला, आवाज तिकडेच राहिला.

आज त्यांचं वर्षश्राद्ध. पानं उठली, पाहुणे गेले, आणि मी लिहायला बसले. कारण वर्षभर एक गोष्ट कानावर येते आहे, आणि ती खरी नाही.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला होते. लग्न केलं नाही, पण भजन सोडलं नाही. पोलादपूरजवळ आमचं गाव, तिथल्या भजन मंडळाचे बुवा तेच. घरच्या गणपतीलाही आरती त्यांनी उचलायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, अशी रीत.

त्यांनी गायलेलं सगळं माडीवरच्या त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं. तो कुरकुरायला लागला होता. हार्ड डिस्क कधीही बसेल, असं त्यांनी मला मोबाईलवर लिहून दाखवलं. आवाज गेल्यापासून ते तसंच बोलत.

गणपती तोंडावर आले होते.

त्याच्याच खाली लिहिलं होतं, "वहिनी, यंदाही आरती मीच म्हणणार. तुमच्या कॉम्प्युटरवर घेऊ."

पेन ड्राईव्हचं नाव काढायची सोय नव्हती. एकदा सायबर कॅफेतून आलेल्या पेन ड्राईव्हमधल्या व्हायरसने त्यांची निम्मी भजनं खाल्ली होती. वायफाय वर-खाली एकच आहे, फोल्डर शेअर करू, असं त्यांनी लिहिलं.

माणूस बोलवायचा तर नुसतं येण्याचेच पैसे. म्हणून वर भावोजी आणि खाली मी. त्यांना जिना उतरवत नव्हता. मी दहावी पास, खालच्या कॉम्प्युटरवर आमच्या किराणा दुकानाचा हिशोब ठेवते. तेवढीच माझी आणि त्याची ओळख.

मी जिन्यात उभी राहून विचारायचं. त्यांनी माडीच्या फळ्यांवर काठी आपटायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

नेटवर्क पब्लिकवर होतं, ते प्रायव्हेट केलं. शेअरिंग दोन्हीकडे चालू केलं. वायफाय बंद करून पुन्हा लावलं. मध्येच व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणी खाल्ली, "वहिनी, आधी वाचा. ओके ओके दाबत सुटू नका."

शेवटी नेटवर्कमध्ये एक नाव आलं.

सोमजाई.

सोमजाई आमची गावदेवी. भावोजींनी आपल्या कॉम्प्युटरला तिचंच नाव दिलं होतं.

मी ओरडून सांगितलं, "भावोजी, दिसली हो तुमची सोमजाई."

वरून एक ठोका.

उघडली तर आत माझाच हिशोब. तेल, साखर, रवा.

भावोजींनी वरून उघडली, तर त्यांना त्यांचीच भजनं.

सगळी दुपार अशीच गेली. ज्याला त्याला आपापलीच सोमजाई भेटत होती.

मग मेसेज आला, "खालच्याचं नाव काय आहे?"

तेही सोमजाई. ह्यांची सवय. दुकान असो, स्कूटर असो, नवी वस्तू देवीच्या नावाशिवाय सुरू करायची नाही. हा कॉम्प्युटर सेकंडहँड घेतला तेव्हाही ह्यांनी आधी कुंकू लावलं आणि मग तेच नाव टाकलं. दोन भावांनी एकमेकांना न विचारता.

दोघांचं नाव एक असलं की नेटवर्कचा गोंधळ होतो, एकाचं बदलायला हवं, असं भावोजींनी लिहिलं. मी ते ह्यांना वाचून दाखवलं. हे जेवत होते. हात ताटातच राहिला.

"देवीचं नाव पुसायचं नाय. घरात एवढं आजारपण हाय, आणि तिला कशाला डिवचता?"

माझ्याही मनात तेच आलं.

वरून दोन ठोके. ऐकलं होतं त्यांनी. मागोमाग ह्यांच्या फोनवर मेसेज, "दादा, खालची सोमजाई राहू दे. मी माझंच बदलतो. ती एवढ्यावर रागावणारी असती, तर माझी भजनं इतकी वर्षं ऐकून घेतली असती का?"

हे हसले नाहीत. ताटावरून उठले.

वरचा कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला. आता खाली दोन नावं दिसत होती. सोमजाई. विनू.

विनूवर क्लिक केलं तर पासवर्ड मागितला. तो भावोजींनी वरून काढून टाकला. आणि एकेक आरती खाली यायला लागली. हिरवी पट्टी सरकताना मी हात जोडून बसले होते.

गणपतीच्या दिवशी स्पीकर लावला. आरतीचं ताट ह्यांच्या हातात. भावोजींचा तो पहाडी आवाज घरभर झाला आणि शेजारचे सगळे गप्प उभे राहिले. म्हणायचं कोणालाच सुचेना.

दोन आरत्यांच्या मध्ये रेकॉर्डिंगमधले भावोजी बोलले. जुनं बोलणं, कुठल्या तरी वर्षीचं.

"दादा, आवाज कुठाय? मोदक पोटात गेल्यावर म्हणणार काय?"

हे रडले. आणि मग इतक्या मोठ्याने म्हणायला लागले, की माडीवर ऐकू जावं.

मार्गशीर्षात भावोजी गेले.

बाराव्याच्या जेवणातच कोणीतरी बोललं. देवीचं नाव पुसलं, मग दुसरं काय होणार? ते ह्यांनी ऐकलं. तेव्हापासून त्या विषयावर एक शब्द नाही.

मी सोमजाईपुढे रोज दिवा लावते. म्हणून मीच सांगते. भावोजी आजाराने गेले. देवीने त्यांचं काही काढून घेतलं नाही. त्यांचा आवाज घरात राहिला, तो तिच्याच कृपेने, असं मी मानते. ज्यांना अजून बोलायचं असेल त्यांनी माझ्याशी बोलावं, ह्यांच्याशी नको.

गेल्या महिन्यात माडीवरचा कॉम्प्युटर बसलाच. नवी डिस्क टाकली. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलीने विचारलं, काका, कॉम्प्युटरला नाव काय देऊ?

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

हे म्हणाले, "विनू लिही."

भावोजी, सुखी राहा. तुमच्या वहिनीचा आणि दादाचा तुम्हाला मनापासून नमस्कार.