डाव्या खांद्याची रायफल

पहिली रायफल कोणती घ्यावी, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. ब्रह्मपुरीपासून वैनगंगेच्या काठापर्यंत ज्यांना पीकसंरक्षणाचा परवाना मिळालाय, त्यातले निम्मे तरी माझ्या अंगणात बसून गेलेत. मी त्यांना जे सांगतो ते बरोबरच सांगतो. नव्या माणसाने लांबचा विचार करू नये. रानडुक्कर धानात शिरलं की पन्नास पावलांच्या आतच दिसतं, त्याला मैलभर जाणारी गोळी कशाला? गोळी जिथे थांबणार ती जागा आधी पाहावी, मग डुक्कर पाहावं. मागे बोडीची, म्हणजे शेततळ्याची, मातीची पाळ असेल तर मारावं, मागे रस्ता असेल तर बंदूक खाली करावी. जड रायफल हातात थरथरत नाही, पण उचलायला उशीर होतो. हलकी पटकन उठते आणि खांदा फोडते. हे सगळं मी झोपेतही सांगू शकतो.

गेल्या धानाच्या रोवणीनंतर एक बाई आली. आमच्या धुऱ्याला धुरा लागून शेत असलेल्या माझ्या जुन्या सोबत्याची ती मुलगी. पंचेचाळिशीची असेल. नवरा गेल्यावर माहेरी परतली आणि बापाची शेती ती एकटीच करते. सोबती दोन वर्षांपूर्वी वारला. डुकरांनी तिच्या धानाच्या तीन बांध्या एका रात्रीत नांगरल्यासारख्या केल्या होत्या. तिने परवान्यासाठी अर्ज केला होता. कॉलेजात ती एनसीसीत होती, गोळी चालवायला घाबरणारी नव्हती.

मी नेहमीचं सुरू केलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकाजी, मले दुकानातली नाई पायजे. तुमचीच द्या. तुमचं वय झालं, हात कापते, दर निवडणुकीले ठाण्यात जमा कराले पोराच्या गाडीवर बसून जाता. माझ्या नावानं करून द्या. कलेक्टर ऑफिसात मी फिरतो."

"माझीच काऊन?" मी विचारलं.

"त्याच रायफलीपाशी माझा बाप हलला होता ना," ती म्हणाली. "गावाले दिसू द्या का त्याची पोरगी नाई हलत."

हे तिने रडून नाही सांगितलं. भाव विचारावा तसं सांगितलं. आमच्या गावात तिच्या बापाला 'हलल्या' म्हणत. शाळेत तिला 'हलल्याची पोरगी' म्हणत. अजूनही धानाच्या खरेदी केंद्रावर रांगेत भांडण झालं की कुणीतरी ते नाव काढतोच. ते नाव त्याला माझ्यामुळे पडलं. मी तिला म्हटलं, बस, चहा घे, रायफलीचं नंतर पाहू. आणि आजवर घरातही कुणाला न सांगितलेलं तिला सांगायला बसलो.

मी डावखुरा आहे. जेवायला आणि लिहायला मला उजवा हात लावला गेला, तो मारून मारून लावला गेला. पण गोटा फेकायचा, गुलेर ताणायची, कुऱ्हाड घालायची ती डाव्यानेच. पाटलाच्या घरचा पोरगा डावरा, हे माझ्या वडिलांना फार लागे. चारचौघांत मी डावा हात पुढे केला की ते नुसते बघत. तेवढं पुरे.

तेव्हा शिकारबंदी आली नव्हती. जंगलखात्याचा परवाना काढून गावोगाव हाके, म्हणजे जनावर हाकलून मारायच्या शिकारी, होत. मी विशीचा झालो तेव्हा वडिलांनी मला बंदूक घ्यायचं ठरवलं आणि आम्ही एसटीने चंद्रपूरला गेलो. किल्ल्याच्या वेशीच्या आत एक बंदुकीचं दुकान होतं. दुकानदार गलेलठ्ठ, तोंडात पान, गिऱ्हाइकापेक्षा आपल्याला जास्त कळतं हे न लपवणारा. त्याने मला समोर उभं केलं आणि म्हणाला, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि माझ्या नाकावर बोट रोख. मी उजव्या हाताचं बोट रोखलं. तो हसला. बोट त्याला माझ्या डाव्या डोळ्यासमोर दिसत होतं.

"पाटील, पोराचा डोळा डावा आहे," तो वडिलांना म्हणाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. दुनळी घ्या, बारा बोअरची. तिला दोन चाप, दोन गोळ्या, ती डाव्या खांद्यालाही तशीच आणि उजव्यालाही तशीच. रायफलीचा बोल्ट, म्हणजे रिकामं काडतूस काढून पुढची गोळी भरायचा दांडा, उजवीकडे असतो. डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याला दर गोळीनंतर मूठ सोडून हात पलीकडे न्यावा लागतो. घाईत ते जमत नाही.

त्याने दोन्ही माझ्या हातात दिल्या. दुनळी खांद्याला लागली ती जणू माझ्याच मापाची. पण शेजारच्या गावच्या पाटलाकडे दुनळी होती. रायफल आमच्या भागात कुणाकडेच नव्हती. तीनशे पंधराची, काळ्या चमकत्या नळीची ती रायफल मी उजव्या खांद्याला लावली आणि सांगितलं की हीच. वडिलांना खरं तर दुकानदाराचं पटत होतं, हे मला आजही सांगता येईल, कारण त्यांचा हात दुनळीवर होता. मी म्हणालो, बाबा, मी उजवाच आहे. त्यांना तेच ऐकायचं होतं. त्यांनी दुनळीवरचा हात काढला.

पहिली बंदूक निवडताना माणूस स्वतःचं शरीर विसरून बंदुकीकडे पाहतो. मी आता लोकांना पहिल्यांदा बोट रोखायला लावतो ते त्या दुकानदाराकडून घेतलेलं आहे. फक्त ते कुठून शिकलो हे मी कधी सांगत नसे.

बोडीच्या पाळीला मडकी लावून मी उजव्या खांद्यावरून सराव केला. मडकी हलत नाहीत, घाई करत नाहीत. दहात सात फुटायची. गावात बोभाटा झाला की पाटलाचा पोरगा रायफल चालवतो.

धान कापून झाल्यावर हाका ठरला. आमच्याकडे डुकरासाठी मचाण बांधत नसत. नाल्याकाठच्या बांबूंतून हाकारे टिनाचे डबे बडवत येत, आणि पुढे मोकळ्यावर बंदूकवाला झाडाला टेकून उभा राही. त्याच्या बाजूला कुऱ्हाडवाला एक माणूस. त्याचं काम एकच, डुक्कर अंगावर आलं तर मधे पडायचं, आणि तोवर पापणीही हलवायची नाही. जनावर माणसाच्या हालचालीला लगेच बुजतं. बाजूचा माणूस हलला आणि हाका बिघडला, तर तो सगळ्या गावाचा गुन्हेगार. माझ्या बाजूला माझा सोबती होता. लहानपणी गुलेर मी त्याच्याच बरोबर चालवली होती. मी डावरा आहे हे घराबाहेर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या घरचे आमच्या दोन बांध्या बटईने, अर्ध्या वाट्याने, करत, हेही इथे सांगितलं पाहिजे.

डबे जवळ आले. बांबू हलले आणि मोठा नर बाहेर आला, तिरपा, पळत. आणि रायफल माझ्या डाव्या खांद्याला गेली. मी ती नेली नाही, ती गेली. गोळी सुटली, मागच्या अंगाला लागली. डुक्कर गरकन फिरलं आणि सरळ आमच्याकडे निघालं. मी मूठ सोडून डावा हात बोल्टवर नेला, ओढला, पण पुरता ओढला नाही. रिकामं काडतूस आतच तिरपं अडकलं. बोल्ट पुढेही जाईना, मागेही येईना.

तोवर माझा सोबती हलला नव्हता. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग तो दोन ढांगांत माझ्यापुढे गेला आणि कुऱ्हाड घातली. डुकराने त्याची मांडी गुडघ्यापासून वर फाडली आणि तसंच पुढे जाऊन नाल्यात पडून मेलं.

माणसं धावत आली. वडील सगळ्यांत पुढे होते. ते म्हणाले, काय झालं? सोबती खाली बसून धोतराने मांडी आवळत होता. रायफल माझ्या हातात होती, बोल्ट अर्धवट उघडा. मी ती खाली केली, बोल्टवर अंगठा ठेवला आणि म्हणालो, "हा हलला. म्हणून डुक्कर उलटलं."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. लोकांनी त्याला बैलगाडीत घालून ब्रह्मपुरीला नेलं.

संध्याकाळी चावडीसमोर वाटे पडले. आमच्याकडची रीत अशी की हाक्यात जितकी माणसं, तितकी पळसाची पानं ओळीने मांडायची आणि प्रत्येक पानावर सारखा वाटा ठेवायचा. जखमी माणसाचं पान त्याच्या घरचे घेतात. हाका बिघडवणाऱ्याचं पान मांडत नाहीत. त्या दिवशी त्याचं पान मांडलं नाही. त्याची आई पितळी भगुनं घेऊन उभी होती. ओळ संपेपर्यंत उभी राहिली आणि तसंच रिकामं भगुनं घेऊन गेली. डोकं मारणाऱ्याचं असतं, ते माझ्या घरी आलं.

तो जन्मभर लंगडला. कुठल्याही हाक्याला त्याला पुन्हा बोलावलं नाही, आणि थोड्या वर्षांत हाकेच बंद झाले. मी मात्र शिकलो. डावा डोळा मिटून उजव्या खांद्याने मारायला शिकलो, आणि खरंच चांगला नेमबाज झालो. त्यात काही खोटं नाही. पिकात शिरलेली डुकरं मी परवान्याने मारली ती एका गोळीत मारली. माझं नाव झालं ते मी कमावलेलं आहे. फक्त त्या नावाचा पहिला दिवस चोरीचा आहे.

एवढं सगळं ती मुलगी ऐकत बसली. चहावर साय धरली. मग तिने एकच विचारलं. "बाबा काऊन नाई बोलले मंग?"

"बांध्या आमच्या होत्या," मी म्हटलं. "अन् मी पाटलाचा पोरगा. त्याचं कोन ऐकलं असतं?"

"तुमी ऐकलं असतं," ती म्हणाली.

मी तिची माफी मागायला लागलो तर तिने हात वर केला. माफी त्याच्यापाशी मागायची होती, आता तो नाही, मले त्याचं काय करा लागते, असं म्हणाली. मग उठताना बोलली, "मले सांगून काय फायदा, काकाजी. मी तर त्याले हलल्या नाई मनत होतो. जे मनतात त्याईले सांगा."

डुकरांच्या नुकसानीवर ग्रामसभा होतीच. जंगलखात्याचे साहेब परवानगी कशी काढायची, मेलेलं डुक्कर खात्याच्या ताब्यात कसं द्यायचं, हे सांगून गेले. तिच्या अर्जाचा विषय आला तसा मागून कुणीतरी म्हणालं, हलल्याच्या घरी बंदूक? दोघे-तिघे हसले. मी उभा राहिलो. वर जे लिहिलं तेच सांगितलं, यापेक्षा थोडक्यात. खांदा, बोल्ट, अडकलेलं काडतूस, आणि मी काय बोललो ते.

मग एक तरणा म्हणाला, "पाटील, रायफल इकायची आहे मनून सांगून राह्यले का?" लोक हसले, मीही हसलो. पण त्या हाक्यातला शेवटचा जिवंत हाकारा, माझ्यापेक्षाही म्हातारा, काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, त्या दिवशी बोल्ट अर्धा उघडा होता हे मी पाहिलं होतं. मग काऊन नाई बोलले, असं त्याला कुणी विचारलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या वेळी मला कळलं की चावडीसमोर पान न मांडणाऱ्या हातांपैकी एक त्याचाही होता.

नाव पुसलं गेलं का? मला नाही वाटत. पन्नास वर्षं बसलेलं नाव एका दुपारी जात नाही. पण त्यानंतर तिच्यासमोर ते कुणी काढलेलं मी ऐकलं नाही. काढलं तर आता उत्तर द्यायला मी आहे.

दोन दिवसांनी ती आली. म्हणाली, रायफल दाखवा. मी रिकामी करून हातात दिली. तिने उजव्या खांद्याला लावली. बोल्ट ओढला, ढकलला, पुन्हा ओढला, आणि खांद्यावरून रायफल तसूभर खाली आली नाही. रायफलीत कधीच काही खोट नव्हती. उजव्या माणसासाठी ती उत्तम आहे, हे मी शपथेवर सांगेन. मग तिने मान वाकडी केली. रायफलीचा लाकडी दस्ता तिच्या काखेत रुतत होता.

"लांब आहे," ती म्हणाली. "बोटभर कापा लागते."

त्या दस्त्याला मी इतकी वर्षं जवसाचं तेल चोळत आलो. त्यावर एक ओरखडा नाही. मी म्हटलं, कापू.

सध्या तिची फाईल कलेक्टर ऑफिसात आहे. रायफल चंद्रपूरच्या दुकानात आहे. जुना दुकानदार कधीच गेला, आता त्याचा नातू बसतो. त्याने तिच्या खांद्यापासून चापाच्या बोटापर्यंत फीत लावून माप घेतलं, खडूने दस्त्यावर रेघ मारली आणि मला विचारलं, कापायचंच ना, बाबा? जुनं लाकूड आहे. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, कापा. त्याने करवत लावली.