आंतोनच्या टॅक्सीला उंबराचं पाणी

आज आंतोनला जाऊन वर्ष झालं.
माणूस बंद पडला, त्याचा पंप अजून चालू आहे.

कुठला पंप, ते सांगतो. नाहीतर वरून शिव्या घालील, "इंजिनेर, तुज्या त्या फोनवर माजी गोष्ट कवा टाकनार?"

आंतोन ठाण्याजवळच्या बाळकुमचा. जन्मभर काळी-पिवळी टॅक्सी चालवली.
मी डोंबिवलीचा. मानपाड्याला वायरिंगची कामं करायचो. शाळेत फार गेलो नाही, जे शिकलो ते शॉक खाऊन शिकलो. म्हणून तो मला इंजिनेर म्हणायचा.
एकदा त्याच्या टॅक्सीचा हॉर्न दुरुस्त करून दिला, तर तो घरापर्यंत वाजतच गेला. तेव्हापासूनची दोस्ती.

त्याच्याइतका सावकाश गाडी चालवणारा ड्रायव्हर मी पाहिला नाही. रिक्षावाले ओव्हरटेक करताना वळून बघायचे, आत कोणी आहे की नाही.
त्याची लेक सबीना लहानपणी मागच्या सीटवर उभी राहून ओरडायची, "पप्पा, जोरात!"
हा म्हणायचा, "तुज्या लग्नात."

आणि एक दिवस लग्न ठरलं की हो!

सासर वसईला. इकडे टॅक्सीचंही वय संपलेलं. लग्न झालं की लगेच भंगारवाला न्यायला येणार.
आंतोन मानपाड्याला आला आणि माझ्या नाकासमोर फोन धरला. व्हिडिओत गाडी जागच्या जागी उभी, मागची चाकं गरागरा, आणि धूरच धूर. बर्नआउट म्हणतात त्याला.

"हे पायजे."
"अरे, तुझी गाडी पुलावर चढताना कण्हते!"
"घोडबंदर रोडला लोकांचा धूर खाण्यात जन्म गेला माजा. एकदा स्वतःचा काढू दे की!"

पहिला प्रयत्न त्याच्या अंगणात. पुढचा बंपर दगडी कुंपणाला टेकवला, मध्ये जुने टायर ठेवले, म्हणजे गाडी पुढे जायला नको. आंतोनने ॲक्सिलरेटर दाबला. चाकांनी जमीन घट्ट धरून ठेवली आणि इंजिन बंद.
म्हाताऱ्या इंजिनात कोरडा टायर फिरवायची ताकदच नव्हती.

मग माझं डोकं चाललं. टायर ओला केला तर घसरेल. घसरला की फिरेल, फिरला की तापेल. पाणी थांबवलं की धूर!

डिकीत पाण्याचा जार. गवंडी लोक वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप. मागच्या दोन्ही चाकांपुढे एकेक नोझल. काच धुवायचा छोटा पंप लावला, तर पाणी नुसतं ठिबकलं.
मी म्हटलं, "आंतोन, हे तर आपल्याच वयाचं निघालं."
आंतोनची बायको, लुसी वहिनी, तोंडावर हात ठेवून आत पळाल्या.
शेवटी झाडांवर औषध फवारायच्या बॅटरी-पंपाची मोटर धुऊन बसवली आणि घरच्या बेलचं बटण जोडलं. बटण दाबलं की सुर्रर्र! फवारा असा, की वहिनींचे वाळत घातलेले पापड गेले. दोन दिवस आम्हा दोघांना चहा बंद.

लग्नाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. अंगण पाहुण्यांनी भरलेलं, टॅक्सी पुन्हा कुंपणाला टेकवलेली.
मी बटण दाबलं. काही नाही.
बोअरच्या पाण्यातली रेती नोझलमध्ये अडकलेली. टाचणीने साफ केली, पण जारभर पाणी तसलंच. नळाला पाणी सकाळी येणार. प्यायचे जार केटरिंगवाल्याच्या ताब्यात, तो थेंब देईना.
आंतोन स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला.
"जाव दे इंजिनेर. उद्या पोरगी जाईल, परवा गाडी."

तेवढ्यात बँडच्या तालावर बायका विहिरीवरून आल्या. आंतोनच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतात आणि त्याने नवरीला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी. त्याला कोणी हात लावायचा नाही. आंतोनची थोरली बहीण फिलोमिना कळशीजवळ पहारेकऱ्यासारखी उभी.

सबीनाने बापाचं तोंड पाहिलं. मग कळशी उचलली आणि सरळ डिकीकडे.

"अगो बाय, काय करतं? नवरीचं पानी हाय ते!"
"आत्या, आम्ही दोघी एकाच घरातून चाललोय. मला आंघोळ, नि तिला नको?"

बँडवाला पण थांबला.
तिने जार रिकामा केला. अर्धी कळशी त्यात ओतली, अर्धी आत्याच्या हातात दिली.
"ही माझी. पुरते मला."

मी बटण दाबलं आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलेल्या आंतोनला ओरडून सांगितलं, "पाणी सोडलंय! दाब!"
फवारा बसला, चाकं सळसळली, घसरली, फिरायला लागली. मी बटण सोडलं. आधी वाफ, मग करपट वास, आणि मग अहाहा, पांढरा धूर! आंतोन दिसेना, टॅक्सी दिसेना. आजूबाजूच्या टॉवरमधले लोक बाल्कनीत येऊन टाळ्या वाजवायला लागले. वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला आणि आल्यावर शूटिंग करत बसला.
धुरात सबीना दोन्ही हात वर करून ओरडत होती, "पप्पा, जोराऽऽत!"
आणि फिलोमिना आत्या? तिने बँडवाल्याला कोपर मारलं, "बगतं काय? वाजव!"

टॅक्सी भंगारात गेली. पंप आणि बटण आंतोनने काढून ठेवले. अंगणातल्या क्रुसाभोवती मोगरा लावला, त्याला तोच फवारा. रोज सकाळी बटण दाबायचा, मोगऱ्यासमोर उभा राहून गाडीचा आवाज काढायचा.

आज सकाळी बाळकुमला गेलो. सबीना वसईहून आली होती, कडेवर तिची चिमुरडी. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आज तुम्ही दाबा."
दाबलं. सुर्रर्र झालं. चिमुरडी टाळ्या पिटत म्हणाली, "अजून!"
आम्ही सगळे हसलो. मग थोडं रडलो. मग वहिनींनी चहा दिला.

आंतोन, रस्ता मोकळा आहे रे. मागे भाडं नाही, पुढे सिग्नल नाही.
पाणी सोडलंय.
दाब.