आईचं दुकान, काकांचं नाव

माझे वडील केंद्र सरकारच्या ज्या विभागात होते, तिथे इतर सरकारी नोकरांच्या वागणुकीवर लक्ष ठेवलं जाई. कोणी न कळवता प्लॉट घेतला, कोणाच्या बायकोने शिवणाचा क्लास काढला, अशा फायली त्यांच्या टेबलावरून जात. बायकोने धंदा करणं हा गुन्हा नव्हता. कार्यालयाला एक पत्र लिहून कळवायचं, एवढंच. ते पत्र कसं लिहायचं हे विचारायला अर्धी कॉलनी आमच्याकडे यायची. वडील चष्मा लावून, घसा खाकरून मजकूर सांगायचे. आई चहा द्यायची.

आईचं स्वतःचं दुकान होतं, आणि त्याबद्दलचं ते पत्र वडिलांनी अठरा वर्षं लिहिलं नाही.

दुकान पडद्यांचं होतं, कॉलनीच्या मार्केटमध्ये, पिठाच्या गिरणीला लागून. दिल्लीत बदलून आलेलं कुटुंब पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शोधतं, गॅस आणि पडदे. सरकारी क्वार्टर्स टाइपाप्रमाणे बांधलेली. कुठल्या टाइपात किती खिडक्या आणि त्या किती रुंद, हे आईला पाठ होतं. गिऱ्हाइकाने फक्त टाइप सांगायचा. "टाइप थ्री? किचनच्या खिडकीला दांडी ठोकू नका, भिंत भुसभुशीत आहे. मी तार लावून देते." कापड आणायला ती महिन्यातून दोनदा बसने पानिपतला जायची. गठ्ठे उतरवून घेताना म्हणायची, "पानिपतहून फायदा घेऊन परतलेली मी पहिलीच मराठी." वडिलांना हा विनोद आवडत नसे. इतिहासाबद्दल गंभीरपणे बोलावं, असं त्यांचं मत होतं.

हे दुकान आईच्या पाटल्या विकून उभं राहिलं आणि कागदोपत्री काकांचं झालं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. खासगी कंपनीत होते, दिल्लीतच द्वारका भागात राहायचे, दुकानात दिवाळीला पेढे खाण्यापुरते येत. पण गाळ्याचं भाडेपत्र, विक्रीकराचा नंबर, बँकेचं खातं, सगळीकडे त्यांची सही. "नाव काय, नुसतं कागदावर आहे गं," वडील आईला म्हणत. नुसतं कागदावर! ऑफिसात तीन प्रतींशिवाय पेन्सिलसुद्धा न मागवणारा माणूस हे म्हणत असे.

असं का केलंत, हे मी त्यांना पुढे विचारलं. नियमाचा अडथळा नव्हताच. ते म्हणाले, "हाताखालच्या लोकांना कळलं असतं, साहेबांच्या मिसेस पडदे शिवतात." आमच्या दारावर पितळेची पाटी होती. दर रविवारी ती चिंच लावून घासली जाई. घासायची अर्थात आईच.

एके दिवशी काका ऑफिसच्या जिन्यात कोसळले आणि गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. काकूला पेन्शन नाही, दोन मुली शिकत होत्या. तेराव्यानंतरच्या रविवारी ती भावाला घेऊन आमच्याकडे आली. भावाने पिशवीतून भाडेपत्र काढलं.

"ताईच्या नावावर करून घ्यायचंय. दुकानाची चावी लागेल."

"दुकान माझं आहे," आई म्हणाली.

"वहिनी, मग तुमचं नाव कुठे आहे?" काकू रडत विचारत होती. त्यात टोमणा नव्हता. "ह्यांनी मला सांगितलंच नाही कधी. ते म्हणायचे, आपलं दुकान आहे, वहिनी सांभाळतात."

आईने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "बघू. शेवटी घरातलीच गोष्ट आहे."

"घरातली नाही, मार्केटातली आहे," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

तीस हजारी कोर्टात एका वकिलाकडे आम्ही तिघं गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. "बहनजी, अपनी चीज़ दूसरे के नाम पर रखी थी, ये बोलकर केस टिकता नहीं. और बोलेंगी, तो पहला सवाल सर से होगा." मग वडिलांकडे वळून, "नौकरी कितनी बची है सर?"

"दो साल."

"तो चुप रहना ही ठीक है."

वडील गप्प राहिले. त्यांना ते किती सहज जमलं, हे आठवलं की माझं डोकं आजही तापतं. मी बसमध्येच भांडले. "एक पत्र, बाबा! चार ओळी!"

"तो काळ वेगळा होता."

"काळ तोच होता. शेजारच्या काकूंच्या पाळणाघराचं पत्र तुम्हीच सांगितलंत. मी लिहून घेतलं होतं."

चावी गेली. काकूने तीन आठवडे दुकान चालवलं. पडदे वीतभर आखूड होऊ लागले, टाइप फोरच्या बाल्कनीला टाइप टूचं माप गेलं, लोक परत आणून टाकू लागले. चौथ्या आठवड्यात ती आली आणि दारातच उभी राहिली. "वहिनी, तुम्ही पूर्वीसारख्या बसा ना. मी महिन्याचं काहीतरी देत जाईन."

आई तिला हाकलेल असं मला वाटलं. मी असते तर हाकललं असतं. आई म्हणाली, "पगार नको. निम्मी भागी. आणि आधी कागद."

"मी मसुदा करतो," वडील लगेच चष्मा शोधू लागले.

"तुम्ही राहू द्या."

दोघी जावा त्याच वकिलाकडे गेल्या. भागीदारीचा करार झाला. चावी कोणाकडे, एक गेली तर तिचा हिस्सा कोणाला, सगळं लिहिलं. काकूचा हिस्सा तिच्या मुलींना, आईचा मला. "पति को नहीं?" वकिलाने विचारलं. आई म्हणाली, "उनको पेन्शन है." जे सगळं तिचं होतं त्यातलं निम्मं तिने असं परत मिळवलं, आणि वर आम्हालाच आनंद मानायचा होता.

घरी येऊन तिने वडिलांपुढे कोरा कागद ठेवला. "आता लिहा."

त्यांनी लिहिलं. सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही. माझ्या पत्नीने चालू महिन्यापासून पडद्यांचा व्यवसाय सुरू केला असून ही बाब माहितीसाठी सादर.

चालू महिन्यापासून.

आईने ते दोनदा वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. अठरा वर्षांच्या पानिपतच्या बसगाड्या त्या दोन शब्दांत गडप झाल्या होत्या. ती म्हणाली, "एक प्रत माझ्याकडे द्या. सहीची." मग पंचने दोन भोकं पाडून तिने ती करारामागे फाइलला लावली आणि दुकान उघडायला गेली.